तुटल्या जागेपासून

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. आई-दादा ऊसतोडीला जात, त्यांच्याबरोबर मीही. अर्ध्यात सुटलेली शाळा परत आल्यावर पुन्हा पहिल्या धड्यापासून. तरी बी.एस्सी. झाले, आणि बीडला एसटी स्टँडामागं शैलाअक्कांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले. खाली त्यांच्या भावाचं कापडाचं दुकान, वर आम्ही.

इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या लाइनवरून यायचं. पहिल्याच दिवशी मी त्यावरून एक फाइल उतरवत होते. अक्का आल्या आणि मुद्दाम टेलिफोनची वायर उपटली. परत जोडली, तर फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"बीडात लाइन रोज तुटती," अक्का म्हणाल्या. "तुटल्या जागेपासून पुढं का म्हून जाऊ नये?"

फाइल उतरवायचं ते सॉफ्टवेअर फुकट होतं आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही दुरुस्ती करून पाठवावी, सांभाळणाऱ्यांनी तपासून घ्यावी, अशी तिथली रीत. अक्कांनी दुरुस्ती लिहून मेलनं धाडली. परदेशातून एका सांभाळणाऱ्याचं उत्तर आलं: आमच्याकडे लाइन तुटत नाही, त्यामुळे बिघाड दिसत नाही. कुणालाही चालवता येईल अशी चाचणी जोडा.

मी चिडले. "अक्का, त्याला एकदा बीडलाच बोलवा."

"आन् ठिवायचं कुटं, तुज्या खोलीवर?" अक्का हसल्या. "त्याचं बरोबर हाय. आपलं दुखणं त्याच्या घरात दिसल्याबिगर तो कसा मानंल?"

स्वतः त्या याच वळणाच्या. पोरगं "मॅडम, प्रोग्राम चालला" म्हणालं की विचारायच्या, "तुज्याकडं चालला. मोडून बघितलास का?"

त्याच वर्षी अक्कांना कॅन्सर निघाला. औरंगाबादच्या चकरा सुरू झाल्या. केस गेले तसा डोक्यावरून पदर घेऊन त्या मशीनपुढं बसत. चाचणी म्हणून त्यांनी एक छोटा खोटा सर्व्हर लिहिला. तो अर्धी फाइल देऊन मुद्दाम लाइन तोडायचा. जुना कोड त्यात नापास, अक्कांचा पास.

पुन्हा उत्तर आलं. लाइन तुटल्यावर मधल्या वेळात सर्व्हरवरची फाइलच बदलली तर? जुना अर्धा आणि नवा अर्धा जोडला जाईल.

तोवर अक्का अंथरुणाला खिळल्या होत्या. मी मेल वाचून दाखवला.

"हे मला सुचाया पायजे होतं," त्या म्हणाल्या. चेहरा उजळला होता. "लई नीट वाचतोय गं तो."

"अक्का, राहू द्या आता. जरा पडा."

"पडायचंच हाय की पुढं. तू बस. मी सांगते, तू लिही."

फाइलची तारीख ताडून बघायची, बदलली असेल तरच पहिल्यापासून घ्यायची. इतकं सांगून झालं. त्याची चाचणी राहिली, आणि त्या आठवड्यात अक्का गेल्या. लिंगायतांच्या रीतीनं त्यांना बसवून माती दिली. मशीनपुढं बसायच्या तशाच ताठ दिसत होत्या.

भावानं क्लासची किल्ली माझ्या हातात दिली. "तिचं काय राहिलंय ते बघ बाई," एवढंच म्हणाले.

राहिलं होतं तिथून मी पुढं लिहिलं. सगळं चालल्यावर वायर उपटून बघितली. मग पाठवलं, आणि खाली अक्कांचं नाव घातलं.

दुरुस्ती स्वीकारली गेली. त्या सॉफ्टवेअरची प्रत्येक नवी आवृत्ती निघायच्या आधी अक्कांची चाचणी आजही चालते.