नावांवरचा फ्लेक्स

"राज्य तोफेनं पडत न्हाई गड्या, गप बसणाऱ्यांनी पडतं," असं म्हणून सुभेदार पेपरची घडी काखेत मारायचे. जगातल्या बलाढ्य देशांची चिंता आमच्या सातारा जिल्ह्यातल्या एवढ्याशा गावात त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती.

तुमच्याही गावात असा एखादा रिटायर फौजी असेल. आमचे सुभेदार शांतिसेनेतून एका मोडून पडलेल्या देशात जाऊन आलेले. "एके काळी शेजारचे देश त्याला चळाचळा कापायचे," ते सांगायचे. "मी गेलो तवा लोक शाळंची बाकं जाळून शेकत हुते. पयलं बाक नेलं तवा शाळंशेजारचे लोक काय करत हुते, म्हाईताय? खिडक्या लावून आत बसले हुते."

चौकात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. समोर लढायांत पडलेल्या गावच्या जवानांच्या नावांचा दगड. शेवटचं नाव सुभेदारांच्या धाकट्या भावाचं. रोज सकाळी ते ओल्या फडक्याने दगड पुसायचे. त्या नावावर फडकं जरा रेंगाळायचं.

निवडणुकीच्या आधी दगडावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. पुढारी कसला, वाळूचोर. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, त्यांतले निम्मे फौजींच्याच घरातले. सुभेदार ग्रामपंचायतीत जाऊन आले. "बघू," म्हणाले सगळे. गाव त्या फ्लेक्सपुढून खुशाल ये-जा करत राहिलं.

"शिडी हाय का रं?" शेवटी सुभेदारांनी मला विचारलं. मी शिडी धरली, ते वर चढले. त्यांनी दोऱ्या कापल्या. फ्लेक्सची नीट घडी करून पुढाऱ्याच्या दारात ठेवून आले.

संध्याकाळी कार्यकर्त्यांनी त्यांना चौकाच्या टोकाला पाराजवळ गाठलं आणि डोक्यावरची टोपी उडवली. पार माणसांनी भरलेला होता. एकही जण जागचा हलला नाही. मी धावत पोचलो तोवर सुभेदार टोपीची धूळ झटकत होते.

"बघितलंस? खिडक्या लावल्या," एवढंच बोलले. पारावरच्या त्या थोबाडांचा संताप माझ्या मनातून अजून जात नाही.

गेल्या महिन्यात सुभेदार गेले. सावडणं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर दगडावर फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली. कोपऱ्यात पोस्टकार्डाएवढे सुभेदार आणि मधोमध हात जोडलेला तोच पुढारी. भावाचं नाव पार झाकलेलं.

"अरे, दगडावर कशाला लावलात?" मी दोऱ्या बांधणाऱ्याला विचारलं.

"आवं काका, सुभेदारांचाच हाय की. त्यांची आवडती जागा ही."

तो अगदी मनापासून बोलत होता. मला त्याचाच जास्त राग आला.

मी दुकानातून शिडी आणून दगडाला टेकवली. पारावर नेहमीची मंडळी होती.

"कुणी शिडी धरता का?"

एकाने पेपर तोंडासमोर धरला. बाकीचे चहा पीत राहिले.

मी चढलो.