नंबर लावलेली बॅग

गेल्या मंगळवारी दुपारी ठाणे स्टेशनबाहेर वर्तकनगरच्या बसच्या रांगेत उभी होते, आणि एक बेवारस काळी बॅग मी स्वतःच्या पायाने पुढे सरकवली. एकदा नाही, तीनदा. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी इतरांना बरंच बोलणार आहे...

आमच्याकडे रांगेत माणूसच उभं असावं लागतं असं नाही. बाटली, छत्री, पिशवी ठेवूनही नंबर लावता येतो. रांग हलली की मागचा माणूस ती वस्तू पायाने अलगद पुढे ढकलतो, आणि याला आम्ही माणुसकी म्हणतो.

चौथ्यांदा पाय उचलला तेवढ्यात स्टेशनातून घोषणा ऐकू आली, बेवारस वस्तूला हात लावू नका. हात कुठे लावत होते मी... पण पाय तिथेच थांबला.

ही कोणाची, म्हणून विचारलं. "कोणीतरी नंबर लावलाय, आंटी," पुढचा तरुण फोनमधून डोकं न काढता म्हणाला. कोणी लावलाय, ते मात्र एकानेही पाहिलं नव्हतं.

मागचे काका माझ्यावरच घसरले. "बॅग आहे हो, चावतेय का तुम्हाला?"

"चावली तर सांगायला ना मी उरेन, ना ऐकायला तुम्ही," मी म्हटलं, आणि तरातरा जाऊन ड्युटीवरच्या महिला कॉन्स्टेबलला घेऊन आले.

तिशीची, काटकुळी मुलगी. तिने बॅगेला हात लावला नाही, नुसती वाकून पाहिली. मग पहिला प्रश्न... "ही पहिल्यापासून इथेच होती का?"

कोणीतरी पार मागच्या खांबाकडे बोट दाखवलं. "मग इथपर्यंत काय चालत आली?" तिने विचारलं. कोणी कोणाकडे बघेना. मीसुद्धा नाही.

तिने वायरलेसवरून बॉम्ब शोधणारा कुत्रा मागवला आणि सगळ्यांना स्टेशनच्या जिन्यापर्यंत मागे व्हायला सांगितलं. आणि इथे ती गोष्ट घडली जिचा मी आठवडाभर विचार करते आहे... एकही माणूस हलला नाही!

प्रकरण काय आहे ते सगळ्यांना कळलं होतं. दोघी बायका तर देवाचं नाव घेत होत्या, पण जागेवरूनच. काकांनी विचारलं, "मग आमच्या नंबरचं काय?"

संताप आला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आमच्याकडून फायर ड्रिल करून घ्यायच्या. घंटा झाली की दप्तर टाकून बाहेर, मागे वळलेल्या मुलीच्या हातावर पट्टी. इथे बॉम्ब असेल हे कळूनही लोक रांग सोडेनात. मग लक्षात आलं, कॉन्स्टेबलला घेऊन आल्यावर मीही मुकाट माझ्याच जागेवर येऊन उभी राहिले होते.

मला वाटलं, आता ही ओरडणार. तिने खिशातून पेन काढलं, पहिल्या माणसाचा हात ओढला आणि तळव्यावर एक लिहिला. दुसऱ्याच्या हातावर दोन. "बाकीच्यांना जिन्यापाशी लिहून देते. असेच एकामागे एक चला. हातावरचा नंबर कोणी घेत नाही."

आणि रांग चालू लागली. दोन मिनिटांत बॅगेभोवती चिटपाखरू नाही. मला चौदा नंबर मिळाला, आणि खोटं कशाला बोलू, मिळाल्यावर बरं वाटलं.

कुत्रा आला. बॅगेभोवती दोनदा फिरला, हुंगलं आणि कंटाळून तोंड फिरवलं. तेवढ्यात माझ्याच वयाची एक बाई धापा टाकत आली. "अहो, माझीय ती!"

ती शहाडची. नवरा वर्तकनगरच्या हॉस्पिटलात, त्याच्यासाठी पेज घेऊन निघालेली. दोननंतर वर सोडत नाहीत. "बाथरूमला गेलेले हो... मागच्या बाईला सांगून गेलेले, लक्ष ठेवा म्हणून." ती मागची बाई कंटाळून रिक्षाने निघून गेली होती, आणि तिच्या जागी मी पुढे सरकले होते.

बॅग उघडली. थर्मास, टॉवेल, रिपोर्टची फाइल. रांग पुन्हा लागली आणि नवं भांडण सुरू झालं... हिने उभं कुठे राहायचं? बॅग तर रांगेत होती, आपणच ढकलत आणली, असं अर्ध्यांचं म्हणणं. काका म्हणाले, हातावर नंबर कुठाय? पाऊण वाजून गेला होता, आणि बाई थर्मास छातीशी धरून सगळ्यांची तोंडं बघत होती.

"बॅगेचा नंबर नसतो, माणसाचा असतो," कॉन्स्टेबल म्हणाली. "मावशी, शेवटी उभ्या राहा."

बाईचा चेहरा पडला. मी माझा हात पुढे केला. कॉन्स्टेबलने माझा चौदा खोडला आणि तिच्या तळव्यावर लिहिला. पुण्य वगैरे काही नाही हं... तिच्या नवऱ्याच्या पेजेला मी तीनदा पाय लावला होता.

मी शेवटी जाऊन उभी राहिले. कॉन्स्टेबल तिथेच होती, म्हणून राहवलं नाही. विचारलं, हे हातावर नंबर घालणं ट्रेनिंगमध्ये शिकवतात का?

ती हसली. "नाही हो मॅडम, मी दिवा स्टेशनजवळ राहते. टँकर आला की हंड्यांच्या लायनीवरून मारामाऱ्या व्हायच्या. मग आम्ही बायकांनीच ठरवलं, हंडा नाही मोजायचा, बाई मोजायची."

मी आजवर स्टेशनवर कॅमेरे आणि तपासणीची मशिनं मागणारी कितीतरी पत्रं लिहिली आहेत, सगळी चिडून. आज तिच्या साहेबांना तिच्याबद्दल लिहिलं. तक्रार नसलेलं पत्र सुरू कसं करायचं, यातच अर्धा तास गेला...