बेडा

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले. कोणी वाचलंच तर माफ करा.

मराठी मंडळाच्या नाटकात माझ्या धाकट्या भावाला वेड्याचं काम मिळालं होतं. मी विंगेत कपडे सांभाळत होते. तिसऱ्या अंकात तो एकदम कान झाकून खाली बसला आणि ओरडू लागला, "बेडा! बेडा!"

पुण्याहून आलेले दिग्दर्शक हरखले. "अक्का, स्वतःलाच वेडा म्हणतोय! नाटकात हे नव्हतं हो. काय काम करतोय!"

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे. लहानपणापासून काही नको असलं की तो कन्नडमधलं "बेडा"च म्हणायचा. आताही तो नको, नको म्हणत होता. पडदा पाडा, एवढंच मला सांगायचं होतं. पण इतक्या माणसांत माझं तोंड उघडलं नाही. लोक टाळ्या वाजवत राहिले.

त्या दिवसापासून तो नीट झालाच नाही. इस्पितळासाठी मंडळाने उसने पैसे दिले. ते फेडायला चार वर्षं मी त्यांच्या नाटकांचे कपडे शिवले. औषध पुढे केलं की तो अजून "बेडा" म्हणतो, आणि मी त्याचं तोंड उघडून गोळी घालते. काल शेवटचे पैसे दिले. सगळे फिटले.