प्रत्यक्ष येऊन बघावी

जाहिरात मोबाइलवर टाकली अस्मितानं, दीनानाथ खांबेट्यांच्या लेकीनं. पण मजकूर खांबेट्यांचाच. 'डॅनिश बनावटीची जुनी सागवानी खुर्ची. हात व विणलेली बैठक शाबूत. प्रत्यक्ष येऊन बघावी. फोन केल्याशिवाय येऊ नये. दुपारी एक ते चार अजिबात येऊ नये.' आता सांगा, वस्तू विकायची असेल तर कुणी असं लिहितं का? पण बुधवार पेठेत जन्म काढलेल्या माणसाला याहून गोड लिहिताच येत नाही, त्याला तो तरी काय करणार!

खांबेटे पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिथला डॅनिश साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्यानं घरातलं सामान विकायला काढलं. कुणी फ्रीज उचलला, कुणी रेकॉर्ड प्लेअर. खांबेटे खुर्ची घेऊन आले.

"लोकांनी फ्रीज आणले आणि तुम्ही काय, तर खुर्ची! धन्य आहे!" आनंदीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग जरा टेकून बघितलं, आणि पुढे जन्मभर ती खुर्ची काही सोडली नाही. मटार सोलणं तिथं, पेपर तिथं, दुपारची डुलकीही तिथंच. खोबरेल चोपडलेलं डोकं टेकून टेकून पाठीच्या लाकडावर एक काळपट डाग पडला. खांबेटे समोर घडीच्या लोखंडी खुर्चीवर बसायचे आणि दोघं दिवसभर एकमेकांना टोमणे मारायचे. सुखाचा संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं?

आनंदीबाई गेल्या आणि टोमणे मारायला समोर कुणी उरलं नाही. अस्मिता राहते वाघोलीला. वाघोली म्हणजे काही अमेरिका नव्हे. पण पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही, हे कारण तिला बारा महिने पुरतं. तीच एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, अशा खुर्च्यांना हल्ली केवढी मागणी आहे. नुसती पडून आहे, विकून टाका ना." खांबेटे हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर ती चिडून फोन ठेवती, आणि फोन तर चालू राहायला हवा होता.

जाहिरात लागली आणि माणसं यायला लागली हो! पहिला आला तो खुर्चीत तासभर बसला. साहेब कसा होता, खुर्ची जिन्यावरून वर कशी चढवली, सगळं त्यानं कौतुकानं ऐकलं. तो गेल्यावर खांबेटे मोरीत दोन कप विसळत उभे राहिले. कितीतरी दिवसांनी त्या घरात दुसरा कप निघाला होता. खुर्ची विकायची नाही, हे त्यांनी तिथंच ठरवलं. जाहिरात मात्र राहू दिली.

मग दर रविवारी तोच खेळ. येणाऱ्याला खुर्चीत बसवायचं, चहा पाजायचा, खालचा कारागिराचा शिक्का बघायला खुर्ची उलटी करायला लावायची आणि निघताना सांगायचं, "एकांनी आधीच सांगून ठेवलंय, त्यांचं नक्की झालं की कळवतो." कुणी म्हणालं, हा डाग घासून काढू, की खांबेट्यांचा आवाज चढायचा. "मग नवीनच घ्या की दुकानातून! नमस्कार!"

अपूर्वा त्यांना आवडली होती. बाणेरची, घरांची सजावट करून देणारी मुलगी. तीनदा आली, तिसऱ्यांदा तर स्वतःहून चहा टाकायला उठली. नेमका त्याच वेळी दारात चेतन म्हणून एकजण उभा. तोही पूर्वी येऊन गेलेला, आज फोन न करता आलेला.

"तुम्हीच का ते आधी सांगून ठेवलेले?" त्यानं अपूर्वाला विचारलं.

"छे! मला वाटलं तुम्ही."

दोघं खांबेट्यांकडे बघायला लागले. "काका, रविवार फुकट घालवतो आम्ही," चेतन म्हणाला. "विकायची नाही तर सरळ सांगायचं ना! टाइमपास चाललाय?" तरातरा जिना उतरून गेला तो.

अपूर्वा रागावली असती तर बरं झालं असतं. तिला कीव आली होती. ती कीव मात्र खांबेट्यांना सोसवेना.

"विकायचीच आहे," ते ताडकन म्हणाले. "तुम्हालाच. आत्ता घेऊन जा."

"काका, अहो, राहू द्या..."

"टेम्पो मागवा म्हणतो ना!"

दोन हमालांनी खुर्ची उचलली. ती दाराशी आडवी झाली तेव्हा पाठीवरचा डाग अगदी खांबेट्यांच्या तोंडासमोर आला. इतक्या दिवसांनीही खोबरेलाचा वास होता. खांबेट्यांनी नजर काढून घेतली.

"घासलात की जाईल तो," ते म्हणाले.

पुढचा रविवार आला. खांबेट्यांनी सवयीनं दोन कपांचं आधण ठेवलं आणि मग एकट्यानंच तो सगळा चहा प्यायला. खिडकीशी मोकळी फरशी, समोर ते घडीच्या खुर्चीवर. खाली बाजाराचा गलका, वर चिटपाखरू नाही. फार वाईट गेला तो रविवार.

संध्याकाळी त्यांनी अस्मिताला नवी जाहिरात सांगितली. ती फोनवर हसायलाच लागली. "बाबा, ते भंगार कोण बघायला येणार?"

"तू टाक गं."

'लोखंडी घडीची खुर्ची. जुनी. प्रत्यक्ष येऊन बघावी. चहा मिळेल. फोन न करता आलात तरी चालेल. दुपारीसुद्धा.'