बोकड आत, जावई वर

आमच्या गाडीचं छत उघडतं, ही गोष्ट आता अख्ख्या डोंगरकड्याला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, माहीत आहे.

गाडी नवीकोरी. समोरून बघितली तर उंच, रुंद, छाती पुढं काढलेली. लावायला मात्र छोट्या गाडीएवढीच जागा पुरते. आणि विशेष म्हणजे वसमतच्या बियाणं-खताच्या दुकानदाराला, म्हणजे मला, परवडणारी! शोरूमवाल्यानं सांगितलेला शब्द न् शब्द मी पाठ केला होता. एअरबॅगा, मागचा कॅमेरा, खड्ड्यांना भीक न घालणारी उंची, शिवाय तोंडी हुकूम ऐकणारी यंत्रणा. (बायको म्हणाली, "चला, बोललेलं ऐकणारं कुणीतरी घरात आलं!")

त्या दिवशी माझी मेव्हणी रेखा हिला बघायला औंढ्याचे पाहुणे येणार होते. थोरला जावई म्हणून बोलणी करायची जबाबदारी माझी. मी बायकोला घेऊन तासभर आधीच डोंगरकड्याला पोचलो आणि सासऱ्यांना अंगणातच गाडीचं प्रात्यक्षिक दाखवायला घेतलं.

"मामा, हे बटण दाबायचं आन् बोलायचं. सनरूफ खोलो!"

"सनरूफ खोला जा रहा है," गाडीतली बाई म्हणाली. छत सरकलं.

सासरे वर आभाळाकडे बघत राहिले. "पाव्हणं, छत फाटल्यावर आमी दुरुस्त करून घेतो. तुमी पैसे देऊन उघडं घेतलं काहून?"

"हवा येते ना मामा! आन् मधी हात आला, की काच आपोआप मागं जाते. एकदम सेफ!"

तेवढ्यात सासूबाईंनी चहाला हाक मारली. थंडगार गाडीत पाहुण्यांना बसवून दाखवायचं, म्हणून मी गाडी आणि एसी चालू, छतही उघडंच ठेवून ओसरीवर गेलो. चावी आतच.

सासऱ्यांकडे शेळ्यामेंढ्यांचा मोठा कळप. त्यात नवाब नावाचा एक बोकड होता. उंच जागा दिसली की चढायचं, एवढंच त्याला कळायचं. आणि अंगणातली सगळ्यात उंच जागा त्या दिवशी मी घेऊन आलो होतो! आधी बॉनेट, मग काच, मग टप... आणि मग धप्प.

आम्ही धावत गेलो तेव्हा नवाब ड्रायव्हरच्या सीटवर ऐटीत उभा. मी दाराला हात घातला आणि त्यानं घाबरून आतल्या बटणांवर खूर आपटला. खट्! चारी दारं लॉक!

"आता वो?" बायकोचा आवाज चढला. "पाव्हणे येऊन राहिले!"

"घाबरायचं काय कारण? गाडी माझी हाये. मी वरून उतरतो."

"तुमी?" तिनं माझ्या पोटाकडे बघितलं.

मी स्टूल लावलं, टपावर चढलो आणि सनरूफमध्ये पाय सोडले. गुडघे गेले. मांड्या गेल्या. पोट मात्र गेलं नाही! पुन्हा वर यावं म्हटलं, तर तेही जमेना. वर मी, खाली माझे पाय, आणि पायांपाशी नवाब. त्यानं माझा मोजा चावायला सुरुवात केली.

"मामा, बोकड मोजा खाऊन राहिला!"

"खाऊ द्या, त्याला काय होत न्हाई!" सासऱ्यांना काळजी बोकडाची.

त्याच वेळी फाटकात पाहुण्यांची गाडी थांबली. नवरामुलगा, त्याचे वडील, आई. मी गाडीच्या टपातून अर्धा उगवलेला, प्रचाराला निघालेल्या उमेदवारासारखा. काही सुचेना, म्हणून दोन्ही हात जोडले. "या, या! बसा!"

"हे कोन?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"थोरले जावई," सासरे पडेल आवाजात म्हणाले.

नवाबनं आता पुढचे पाय स्टेअरिंगवर ठेवले होते. त्याचा खूर नेमका त्या ऐकणाऱ्या बटणावर पडला असावा, कारण सासरे जेव्हा वैतागून ओरडले, "ते सनरूफ का काय, पयलं बंद करा!", तेव्हा आतली बाई अदबीनं म्हणाली, "सनरूफ बंद किया जा रहा है."

काच आली, पोटाला भिडली आणि मागं गेली. एकदम सेफ! कंपनी खोटं बोलली नव्हती. फक्त पोटाला बसलेल्या चिमट्यानं मी जे ओरडलो, ते सोयरिकीच्या बैठकीत बोलण्यासारखं नव्हतं.

इतका वेळ दाराआड लाजून उभी असलेली रेखा पदर खोचून बाहेर आली. तिनं सुबाभळीची फांदी तोडली आणि ड्रायव्हरच्या काचेबाहेर धरली. "नवाब! ये, ये!"

"जरा वर धरा," नवरामुलगा पुढं आला. "मंग तो दारावर पाय देईल."

दोघांनी फांदी धरली. नवाबनं मोजा सोडला, दारावर पाय ठेवले आणि काचेचं बटण दाबलं गेलं. काच खाली! रेखानं हात घालून दार उघडलं. नवाब पाला खात राजासारखा खाली उतरला.

माझं काम अवघड होतं. सासूबाईंनी माझ्या पोटाला करडीचं तेल लावलं, सासऱ्यांनी वरून ओढलं आणि होणाऱ्या साडूनं खालून रेटा दिला. (पहिल्या भेटीत कुणी कुणाला इतकी मदत केली नसेल!)

मला वाटलं, सोयरीक गेली. रेखाच्या नशिबाला आपण आडवे आलो, म्हणून मी कोपऱ्यात मान खाली घालून बसलो. पण हसून हसून मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि रेखा अन् मुलगा एकमेकांकडे बघायचे थांबत नव्हते. पोहे संपायच्या आत होकार आला.

निघताना मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. "जावई, गाडी घ्यायचा आमचा बी इचार हाये. ही कशी हाये, बराबर सांगा."

माझी छाती पुन्हा फुगली. एका पायात मोजा नव्हता, पण मी इंजिनापासून डिक्कीपर्यंत एकही वैशिष्ट्य सोडलं नाही. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि पुढच्याच महिन्यात हुबेहूब तीच गाडी घेतली. तोच रंग, तीच उंची, तोच कॅमेरा.

फक्त वरून पूर्ण बंद.