पिवळ्या अंगठ्याचं पान

देवावर माझा राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. भरवसा होता तो स्वतःच्या दोन पायांवर. पायी चालण्याचा एक विक्रम माझ्या नावावर होताच, आणि त्या दुष्काळी वर्षी मी दुसऱ्या विक्रमासाठी निघालो. धर्मापुरीपासून कडा गावापर्यंत बालाघाटाच्या डोंगरांतून सलग चालायचं. वाहन नाही, जनावराची पाठही नाही. एकदा जरी बसलो तरी विक्रम बाद. पुरावा म्हणून गावोगावच्या दूध सोसायटीचा शिक्का वहीत घ्यायचा. धर्मापुरीच्या जुन्या देवळापाशी निरोप देताना आई म्हणाली, "लेकरा, पाया पडून जा." मी घड्याळ बघितलं आणि "आल्यावर पडतो" म्हणून सटकलो. शहाणा ना मी!

चौसाळा मागे पडल्यावर माळावर फजिती झाली. नकाशात तळं होतं, प्रत्यक्षात नुसत्या भेगा. बाटली सकाळीच संपलेली. दुपारी जीभ टाळूला चिकटली आणि मी बाभळीखाली कोसळलो. मरणाची भीती वाटली. पण त्याहून जास्त विक्रम जाण्याची वाटली, हे सांगायला आज लाज वाटते. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून निघालं, "सांभाळ रे देवा."

थोड्या वेळाने मेंढरं घेऊन एक धनगर म्हातारी आली. तिच्या घोडीवर बिऱ्हाड लादलेलं, त्यात दोन नवी कोकरं.

"पानी माज्यापाशीबी न्हाई. हीर कोसावर हाय. बस घोडीवर."

"नको आजी. बसलो तर माझं चालणं मोडतं."

ती हसली. "वाटंत जलमलेलं कोकरू आमी घोडीवरच घेतो. म्हून काय ते कळपातलं न्हाई? लई शाना हायस!"

मी हात पुढे केला. मी पडलो होतो तिथे तिने दगडावर दगड ठेवला, "उद्या हितनंच चाल," म्हणाली आणि मला कोकरांशेजारी बसवलं. मेंढरं प्यायल्याशिवाय धनगरांत माणूस पाण्याला तोंड लावत नाही. त्या दिवशी विहिरीवर तिने आपली रीत मोडून पहिला तांब्या मला पाजला. मी लहान पोरासारखा रडलो.

सकाळी वही काढली. "शिक्का न्हाई बाबा, अंगठा चालंल का?" म्हणत तिने हळदीच्या भंडाऱ्यात बुडवलेला अंगठा पानावर उमटवला. मी दगडापर्यंत मागे गेलो आणि तिथून कड्यापर्यंत चालत आलो. विक्रम नोंदवणाऱ्यांना घोडीची गोष्ट सांगून टाकली. विक्रम अर्थातच गेला. मित्र म्हणाले, "माळावर कोण बघत होतं?" बघणारं कुणीतरी होतं, एवढं मला आता पक्कं ठाऊक आहे.

घरी जाण्याआधी धर्मापुरीला थांबलो आणि देवळाच्या उंबऱ्यावर डोकं टेकवलं. ती वही आता आमच्या देवघरात असते. विक्रम नेमका कुठे अडला, असं कुणी विचारलं की मी ते पिवळं पान उघडून दाखवतो आणि सांगतो, "इथे मला उचलून घेतलं."