पाठ पिवळी होईस्तोवर

नवरा वारल्यावर शेवंताबाईला माहेरी न्यायला भाऊ आला होता. ती गेली नाही. कटंगीजवळच्या त्या गावात सासूसोबत राहिली, धानाच्या बांध्या स्वतः कसू लागली. १९७४ च्या हिवाळ्यात तिनं घरामागच्या बाडीत सूर्यफूल लावलं. बी भावानं, महागूनं, तुमसरहून आणून दिलं होतं. गावात हे पीक कोणी पाहिलं नव्हतं.

माघात बाडी पिवळीजर्द झाली. त्याच दिवसांत गावचे पटेल दुलीचंद यांच्या मुलीचं लग्न निघालं. मांडव सजवायला फुलं हवीत म्हणून त्यांचा गडी विळा घेऊन आला. शेवंताबाईनं त्याला कुंपणाबाहेरूनच परत पाठवलं. मग पटेल स्वतः आले.

"हळदीले मी येऊ का, पटेल?" तिनं विचारलं.

पटेल चाचरले. "आता तुले मांडवात कसं..."

"मी चालत नाही, आन् माही फुलं कशी चालतात?"

"दोन दिवसांत सुकून जातील ती. काहून जीव टाकतं त्याच्यावर?"

"तुमच्यासाठी फुलं आहेत. माह्यासाठी बी आहे. अजून दुधात आहे ते. फुलाची पाठ पिवळी होईस्तोवर मी कोनाले हात लावू देत नाही."

पटेल भडकले की हिंदीत बोलत. "गाँव में रहना है ना?"

"हौ, इथंच राहीन."

त्या दिवसापासून तिच्या बांधावर कोणी बाई फिरकली नाही. पाकळ्या गळल्या, मोठाली फुलं माना खाली घालून उभी राहिली, आणि पोपटांचे थवे उतरले. सासू, शांताबाई, कावरीबावरी झाली. "कापून टाक वं आता. सारं पाखरंच नेतील."

शेवंताबाईनं एक दाणा दातात फोडला. आत पातळ, ओलसर गर. "आता कापलं तर नुसती फोलपटं हाती येतील, आत्या."

ती घरात गेली, पेटीतलं नवऱ्याचं धोतर काढलं आणि टराटरा फाडू लागली.

"माह्या पोराचं धोतर फाडून राह्यली तू?" सासू ओरडली.

"ते असते तर त्यायनंच फाडलं असतं."

शांताबाईनं फाडलेल्या पट्ट्या तिच्या हातातून ओढून घेतल्या. मग बाडीत गेली आणि फुलांवर ती फडकी बांधायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रिकामा डबा बडवत म्हातारी बाडीभर फिरत होती.

पांढऱ्या फडक्यांत गुंडाळलेली फुलं पाहून येणारे-जाणारे हसत. "मुडद्यायचा बाजार भरवला का बाई?" शेवंताबाई रोज फुलाची पाठ उलटून पाही. हिरवी पाठ फिकट झाली, पिवळी झाली, कडेनं तपकिरी पडू लागली. एका सकाळी तिनं अंगठा फिरवला तसे दाणे आपसूक सुटून तळहातावर आले. काळे, टणक, भरलेले. एक दाताखाली फोडला, तो कटकन वाजला.

"आत्या, विळा आणा."

दोघींनी हातभर दांडा ठेवून फुलं कापली, पडवीत उलटी टांगली, वाळल्यावर काठीनं झोडपली. कटंगीच्या घाण्यावर तेल निघालं. शेवंताबाईनं पहिल्यांदा त्यात वडे तळले. सासूनं वास घेतला, एक खाल्ला, दुसरा मागून घेतला.

पटेलांच्या घरचं बोलावणं पुढंही कधी आलं नाही. शेवंताबाईनं वाट पाहिली नाही. पुढच्या हिवाळ्यात तिनं धानाच्या एका बांधीतही सूर्यफूल पेरलं, अगदी रस्त्याच्या कडेला.